एक तास पाणी

नवरात्र बसलं की कुळगावच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात आणि माझं नाक गडबडतं. लोकांना त्या वासानं दारावरचं तोरण आठवतं, देव्हारा आठवतो. मला आठवते एक पोलादी नळी, वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड. झेंडूच्या मागोमाग मिथेनॉलचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो. आता कुठलं मिथेनॉल आणि कुठली प्रयोगशाळा! परवा फुलवालीनं विचारलं, "ताई, किती देऊ?" तर मी आपली तंद्रीत म्हणून गेले, "एक तास." ती बघतच राहिली. मग म्हटलं, अर्धा किलो दे बाई, आणि जरा टपोरी बघून दे.

हे दिवसच मला दरवर्षी असे घेरतात. पाऊस आटोपलेला असतो, पण जमीन अजून ओली असते. दुपारचं ऊन पाठ भाजून काढतं आणि पहाटे मात्र पायावर चादर ओढावीशी वाटते. तेव्हा बदलापूर गावात, नदीच्या अंगाला आमची भाताची थोडी खाचरं होती. नवरात्रात हळवं, लवकर पिकणारं भात पिवळं व्हायचं आणि वारा आला की सगळ्या घरभर त्याचा कोरडा, उबदार वास फिरायचा. आई ओसरीवर विळे काढून ठेवायची. त्या खाचरांवर आता इमारती आहेत. तक्रार नाही हो, मीही तशाच एका इमारतीत राहते आणि लिफ्ट बंद पडली की वॉचमनच्या नावानं शंख करते.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. बी.एस्सी. होऊन मी अंबरनाथला एका कीटकनाशकांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले होते. लागले म्हणजे काय, सहा महिने परीक्षेवर होते. दिवाळीला सहा महिने भरणार आणि मग कायम की घरी, ते ठरणार. माझे बाबा त्याच कारखान्यात वीस वर्षं पावडरच्या शेडमध्ये कामाला होते. शेतावर मारायची औषधाची भुकटी तिथं मातीत मिसळून पिशव्यांत भरायची. संध्याकाळी बाबा घरी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. आल्या आल्या विहिरीवर आंघोळ, मगच बोलायचं, असा आईचा दंडक होता. वीस वर्षांत बाबांनी कुणापुढे हात पसरला नाही. फक्त माझ्यासाठी ते एकदा मॅनेजरच्या केबिनबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले. मला ते आवडलं नव्हतं. त्यांना त्याबद्दल बोललेही होते, चांगलंच फाडकन. त्यावर ते एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी नाय उभा रायलो गो, तुझ्या नोकरीच्या कागदासाठी रायलो."

प्रयोगशाळा म्हणजे कारखान्यातला स्वर्ग. मॅनेजरची केबिन सोडली तर तिथंच एसी. शेडमधल्या माणसांना आत यायला बंदी, कारण त्यांच्या कपड्यांवरची भुकटी आमच्या नमुन्यात पडली तर सगळा हिशेब चुकणार. म्हणजे बाप आणि लेक एका गेटातून आत जायचे आणि आत गेल्यावर एकमेकांना दिसायचेही नाहीत. डबा खाताना मी काचेतून बघायची. बाबा समोरच्या गुलमोहराखाली बसलेले दिसायचे. ते कधी वर बघायचे नाहीत. पण माझा पांढरा कोट मळला तर संध्याकाळी घरी पहिला प्रश्न तोच असायचा, "आज कोटाला काय लावलंस?"

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कारखानीस सर. आडनावालाच कारखाना चिकटलेला, त्यामुळे ते घरी कधी जातात की नाही, अशी आम्हाला शंका होती. किरकोळ अंगाचे, आवाज कधी न चढवणारे. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारे. वर्षभर वरच्या साहेबांच्या मागे लागून त्यांनी नवं यंत्र आणवलं होतं. औषधाच्या द्रवाचा थेंब त्यात सोडला की त्यात खरं औषध किती आणि भेसळ किती, ते कागदावर उमटायचं. त्या यंत्राचा जीव म्हणजे ती पोलादी नळी, तिला कॉलम म्हणायचं. आत पिठाहूनही बारीक पांढरे कण ठासून भरलेले. परदेशातून यायला आठ महिने लागले आणि आला तो एकच. दुसरा मागवायचा तर पुन्हा तेवढेच महिने, शिवाय साहेबांची बोलणी.

श्रावणात तो आला. पेनाच्या पेटीसारख्या लांबट पेटीत, स्पंजमध्ये निजवलेला, दोन्ही टोकांना बुचं. सरांनी पेटी उघडली तेव्हा आम्ही चौघं श्वास रोखून उभे होतो. बारशाला असतात तसे. त्यांनी तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हा तुझ्या ताब्यात," म्हणाले. "याच्या अंगावर बाण आहे बघ. पाणी त्याच दिशेनं जाणार. पाडायचा नाही, आपटायचा नाही, कोरडा पडू द्यायचा नाही." मग त्यांनी मला तो जोडायला शिकवलं. नळीचं टोक आत तळापर्यंत टेकवायचं, नट बोटांनी फिरवायचा, बोटं थकली की पान्यानं जेमतेम पाव फेरा. "जोर नको. जोर लावणारा माणूस इथं नापास." पहिल्या दिवशी पुढचं टोक यंत्राला जोडायचंच नाही, चंचुपात्रात सोडायचं, म्हणजे आतली धूळ बाहेर जाईल. पंप एकदम नाही सोडायचा. थेंब थेंब, मग जरा जास्त, मग अजून जरा. दर दहा मिनिटांनी दाब बघायचा आणि वहीत लिहायचा. निळ्या पुठ्ठ्याची ती वही कॉलमची होती. आमच्या घरात आम्हा भावंडांची जन्मतारीख कुठं लिहून ठेवलेली नव्हती आणि या नळीला मात्र वही!

एक नियम सरांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. आम्ही ज्या द्रवात काम करायचो त्यात क्षार असायचे, साध्या भाषेत मिठाचं पाणी. ते वाहतं आहे तोवर ठीक. आत उभं राहिलं की मीठ जमतं आणि नळी आतून दगड होते. म्हणून काम संपलं की आधी एक तास साधं गाळलेलं पाणी सोडायचं, मग मिथेनॉल आणि मगच पंप बंद करायचा. "एक तास पाणी," सर म्हणायचे. मी म्हणायची, "एक तास पाणी." निजायच्या आधी लहान मुलाचे हातपाय धुवावेत तसं मी ते रोज संध्याकाळी करायची. घड्याळ लावून, समोर स्टुलावर बसून. मैत्रिणी मला सोडून घरी जायच्या, पण मला कंटाळा म्हणून आला नाही.

बाबांना त्याचं भारी कुतूहल. "एवढ्याशा नळीत औषधाची पारख होते तरी कशी?" एकदा भात लावून झाल्यावर बांधावर बसून त्यांनी विचारलं. मी डोकं खाजवलं. मग म्हटलं, "बाबा, शिवमंदिराची जत्रा आठवा. अंबरनाथला आपण सगळे एकदम आत शिरतो. तुम्ही?" "मी दर्शन घेऊन सरळ बाहेर." "आणि आई?" बाबा हसायला लागले. "ती प्रत्येक बांगडीवाल्याकडे थांबनार. तिन्हीसांजेला बाहेर येनार." "बस्स, तसंच. आत सगळं औषध एकदम शिरतं. ज्याला आतल्या कणांची ओढ नाही ते लवकर बाहेर पडतं, ज्याला आहे ते रेंगाळतं. बाहेर कोण कधी आला, त्यावरून ओळखायचं." बाबांनी पायावरचा चिखल बोटांनी खरवडला. मग म्हणाले, "म्हंजे तुझी आई त्या नळीत घातली तर निघायचीच नाय." पाठीमागून आईनं ऐकलं होतं. त्या दिवशी बाबांना दुपारचा चहा मिळाला नाही.

मला अजूनही रसायनांच्या त्या पारखेची व्याख्या अशीच आठवते. पुढं कितीतरी नव्या मुलींना मी तो विषय शिकवला, फळ्यावर आकृत्या काढल्या, पण मनात जत्राच चालू असायची. फक्त कधीतरी वाटतं, बाबा स्वतःही काही जत्रेतून सरळ बाहेर येणारे नव्हते. नुसते दिसायचे तसे.

तर खंडेनवमी. आमच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. सकाळपासून सगळं धुऊन पुसून ठेवायचं, दुपारी शेडपासून सुरुवात करून प्रत्येक यंत्र थांबवायचं, हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत त्या यंत्राला हात लावायचा नाही. पूजेचा मान त्या खात्यातल्या सगळ्यांत जुन्या कामगाराचा. त्या वर्षी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं म्हणून त्याची पूजाही झाली पाहिजे असं कामगारांनी ठरवलं आणि तिथं जुना कामगार कुणी नाही म्हणून ती करायचा मान बाबांना दिला. सर त्या दिवशी रजेवर होते.

दुपारी दार उघडलं आणि बाबा आत आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. धुतलेलं पांढरं धोतर, डोक्याला टोपी, वहाणा बाहेर काढलेल्या, भुवया अगदी काळ्याभोर. हातात ताट. मागे शेडमधली पंधरा-वीस माणसं दारात दाटीनं उभी. ती थंड हवा अंगाला लागली तसे बाबा क्षणभर थबकले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी कसं सांगू! मला कुणी पदक दिलं असतं तरी मी एवढी फुलले नसते.

यंत्र चालू होतं. नळीत मिठाचं पाणी वाहत होतं. मी पुढं होऊन हळू आवाजात म्हटलं, "बाबा, थोडा वेळ लागेल." मागून कुणीतरी ओरडलं, "अगो, अजून बॉयलर राहिलाय, मुहूर्त टळंल!" बाबा म्हणाले, "आज यंत्राला इसावा द्यायचा असतो पोरी. थांबव." सगळे बघत होते. त्या सगळ्यांसमोर बापाला तासभर ताट घेऊन ताटकळत ठेवायचं? ज्या खोलीत त्याला यायला बंदी, तिथं तो पहिल्यांदा मानानं आलेला, त्याला सांगायचं की बाहेर थांबा? छे! माझी जीभच वळली नाही. मी बटण दाबलं. मनात म्हटलं, पूजा होऊन सगळे गेले की हळूच पुन्हा चालू करीन. बाबांनी पंपावर कुंकवाचं बोट लावलं, हार घातला, हात जोडले. मग सगळे निघाले, दाराला कुलूप लागलं, किल्ली सिक्युरिटीकडे गेली. मी तिथं जाऊन म्हटलं, जरा उघडता का. तो म्हणाला, "पूजा झाली ना मॅडम? आता शनिवारी." दुसरा दिवस दसरा. तिसरा दिवस शुक्रवार, आमच्या भागातली कारखान्यांची आठवड्याची सुट्टी.

त्या दसऱ्याला मी सोनं वाटलं, श्रीखंड खाल्लं, हसले, नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधल्या. पण डोळ्यांसमोर नळीत मीठ गोठत होतं. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "काचेच्या खोलीत पोरीच्या मशीनची पूजा मी केली." आणि मी शेजारीच उभी होते.

शनिवारी सकाळी पंप चालू केला. दाबाचा काटा चढला, चढला आणि यंत्र टक्कन बंद पडलं. पलीकडच्या टोकातून एक थेंब पडेना. मी खुर्चीत बसले. सर आले. त्यांनी काटा बघितला, वहीत बघितलं. बुधवारच्या रकान्यात पाण्याची नोंद नव्हती.

"मिठाचं पाणी आत राहिलं?"

"हो, सर."

"का?"

खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? की माझ्या बाबांनी थांबवायला सांगितलं? म्हणजे शेडमधला माणूस प्रयोगशाळेत शिरला आणि त्यानं साहेबांचं यंत्र बिघडवलं, अशी नोंद होणार. वीस वर्षांच्या नोकरीवर तो डाग. आणि त्याहून वाईट म्हणजे ते बाबांच्या कानावर जाणार. आपल्या हातानं, आपल्या पूजेनं पोरीची नोकरी घालवली, हे त्या माणसानं जन्मभर उराशी धरलं असतं. मी म्हटलं, "विसरले, सर."

सरांनी पंपाकडे पाहिलं. त्यावर कुंकवाचं बोट अजून लालभडक होतं. "विसरलीस म्हणतेस, तर विसरलीस," म्हणाले. "तसं लिही." मी वहीत लिहिलं, 'पाणी सोडायला विसरले.' खाली सही केली. सर म्हणाले, "दिवाळीला मला तुझ्याबद्दल कागद लिहायचाय. हा कॉलम गेला, तर तो का गेला आणि कुणामुळे, तेही त्यात लिहावं लागेल. तोवर वाचव त्याला." आवाज तेवढाच शांत. म्हटलं ना, ओरडले असते तर बरं झालं असतं.

वाचवायचा उपाय त्यांनीच सांगितला. नळी उलटी जोडायची, म्हणजे तोंडाशी अडकलेलं मीठ आल्या वाटेनं बाहेर जाईल, आणि कोमट पाणी अगदी थेंबाथेंबानं सोडायचं. मी उलटी जोडायला घेतली. नट नीट बसेना, पाणी झिरपायला लागलं. जोर लावणारा माणूस नापास, हे ठाऊक असून मी पान्यानं जोर लावला आणि नटाचे आटे गेले. जादा नट नव्हता. मी तिथंच भोकाड पसरलं असतं, पण कोट पांढरा होता आणि बाहेर गुलमोहराखाली बाबा डबा खात होते.

रविवारी चार वाजता शिफ्ट सुटली तेव्हा बाबा गेटाशी उभे होते. "नट तुटलाय म्हनं तुझा. चल, उल्हासनगरला जाऊ." शेडचं जे काही मोडायचं ते तिथल्या एका लेथवाल्याकडे बनायचं, बाबांची जुनी ओळख. निर्वासितांच्या जुन्या कॅम्पातल्या गल्लीत पत्र्याचं दुकान, लोखंडाचा कीस पायाखाली करकरतोय, शेजारी पापड वाळत घातलेले. लेथवाला म्हणजे सत्तरीचा सिंधी म्हातारा. त्याला सगळी गल्ली साईं म्हणायची. त्यानं तो नट भिंगाखाली धरला, जिभेनं चुकचुक केलं. "अरे बेटी, इतना नाजूक माल! इस पे इतना जोर कौन लगाता है?"

आणि मला राहवलं नाही. दोन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर पडलं, तेही माझ्या त्या धेडगुजरी हिंदीत. "क्या करूं साईं, अंदर नमक जम गया है. नमक का पानी अंदर था और मशीन तीन दिन बंद पडा रहा. बंद करने के पहले एक घंटा सादा पानी छोडने का था. नहीं छोडा." बोलून गेले आणि एकदम भान आलं. बाबा मागे स्टुलावर बसले होते. मी वळून पाहिलं. ते लेथच्या फिरत्या चाकाकडे बघत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदा लेथ बघताहेत. म्हटलं, सुटले. त्यांना कुठलं काय कळतंय!

साईंनी तासाभरात हुबेहूब नट कातून दिला, चकचकीत. "ये तेरा इम्पोर्टेड," म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. बाबांनी तो गरम नट धोतराच्या सोग्यात घेतला, थंड होईपर्यंत फुंकर घातली आणि मग माझ्या हातात दिला. बाहेर आल्यावर एका हातगाडीसमोर थांबले. कुरकुरीत पुऱ्या आणि डाळ, त्या दाल-पकवानची प्लेट माझ्यापुढे धरली. "खा. दोन दिवस डबा तसाच परत आनतेस." मग आम्ही बदलापूरची गाडी धरली.

मग ते धुण्याचे दिवस. सकाळी पाणी गरम करायचं, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायचं. सर म्हणाले होते, बाळाच्या दुधाला बघतात तसं बघ. मग थेंब थेंब. पहिला दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टोकाला एक थेंब फुगला, लोंबकळला, पडला. मी सरांना हाक मारली ती ओरडूनच. तिसऱ्या दिवशी काटा बोटभर उतरला. बाहेर भातकापणी सुरू झाली होती. आई एकटीच विळा घेऊन शेतात. घरी गेल्यावर ती मला म्हणायची, "तुझ्या त्या नळीचं पोट साफ झालं का गो?" सातव्या दिवशी नळी पुन्हा सरळ जोडली, औषधाचा थेंब सोडला आणि कागदावर औषधाचं डोंगरासारखं टोक उमटलं. पहिल्यासारखं ताठ नव्हतं, एका बाजूनं जरासं खांद्यात वाकलेलं. सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "थोडं लागलंय त्याला," म्हणाले, "पण काम करील." वहीत त्यांनी स्वतः लिहिलं, 'वापरण्याजोगा.' दिवाळीला मी कायम झाले. आईनं पेढे वाटले. बाबांनी कोट आणायला लावला, स्वतः धुतला आणि दोरीवर वाळत घातला.

तो वाकलेला खांदा पुढं चार वर्षं, कॉलम थकून बदलेपर्यंत, प्रत्येक कागदावर दिसायचा. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मी दरवेळी बघायची आणि मनात म्हणायची, हे आपलं गुपित. सरांनाही कळलं असणार असं आज वाटतं. कुंकू काही न दिसण्यासारखं नव्हतं. पण ते कधी बोलले नाहीत आणि बाबांना तर काही ठाऊकच नाही, अशा समजुतीत मी वर्षभर मोठ्या शहाणपणानं वावरत होते. वाटायचं, मी बापाला वाचवलं. माणूस त्या वयात स्वतःला फार हुशार समजतो.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी. मी या खेपेला सकाळीच ठरवलं होतं, साडेदहालाच काम थांबवायचं. पण नेमकी एक तातडीची बॅच आली आणि दुपार झाली. बाहेर झांजा वाजल्या. दार ढकलून बाबा आले. तेच धोतर, तीच टोपी, तेच ताट. मागे तीच माणसं. यंत्र चालू, नळीत मिठाचं पाणी.

बाबा दारातच थांबले. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पोरी, पानी सोडलंस का?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"सोड मग. एक तास ना? आपल्याला काय घाई नाय."

मागून कुणीतरी कुरकुरलं, मुहूर्ताचं काढलं. बाबा वळले. "गप रे. तिचं पानी झाल्याबिगर मी फूल वाहनार नाय. मागल्या साली माझ्या घाईनं पोरीला हप्ताभर रडवलं." मग ते उंबऱ्याशी भिंतीला टेकून खाली बसले, ताट मांडीवर घेऊन. निरांजन दोनदा विझलं, त्यांनी दोनदा लावलं. पंधरा-वीस माणसं पायऱ्यांवर बसून राहिली. मी पाणी सोडलं, पाठमोरी उभी राहिले आणि दाबाचा काटा मला दिसेना, डोळे इतके भरले होते.

तास झाला. मग मिथेनॉल. मग मी पंप बंद केला आणि वळून म्हटलं, "झालं, बाबा." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आत आले. कुंकवाचं बोट टेकवलं आणि त्याच हातानं, सगळ्यांदेखत, माझ्या कपाळालाही लावलं. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत दर खंडेनवमीला पूजेची सुरुवात प्रयोगशाळेपासून व्हायची, तीही एक तास थांबून. बाहेरून नवा आलेला कुणी विचारायचा, कशाला थांबलोय? जुने सांगायचे, पोरीचं पाणी चालू आहे.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरी सोडताना मी सरांच्या जागी बसलेल्या बाईंकडून ती निळ्या पुठ्ठ्याची वही मागून घेतली. कपाटात पासबुकांशेजारी ठेवली आहे. झेंडू आणला की काढते. एका पानावर माझं खोटं आहे, 'पाणी सोडायला विसरले.' बरोबर एका वर्षानं पुढच्या एका पानावर, दाबाच्या रकान्याशेजारी, जिथं शेरा लिहायचा असतो तिथं, माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'एक तास पाणी सोडले. बाबा थांबले होते.'